फसलेला कट आणि कुठल्याच आकड्यात नसलेली मुलगी



मागच्या लेखाखाली तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी एकच प्रश्न विचारला होता. नेट-सेट झालं, पेट झाली, गाईडही मिळाले. पण "डेटा गोळा करा" म्हणतात तेव्हा नेमकं काय करायचं? त्याचं उत्तर मी आज एका खटल्यावरून देणार आहे. मी कायद्याची विद्यार्थिनी नाही, माझं काम ओतीव लोखंडातल्या दोषांवर आहे. तरीही हा खटला का घेतला, ते पुढे कळेल. विषय जड आहे, मुलांच्या खुनाचा आहे. त्यामुळे वर्णनं टाळते आणि कामापुरतंच सांगते.

सुरुवात कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीतून करते, कारण माझी चूक तिथेच झाली.

पीएचडीच्या पहिल्या वर्षी मी तिथल्या एका फाउंड्रीत जात होते. काम सोपं वाटत होतं. रिजेक्ट झालेल्या कास्टिंगचं रजिस्टर घ्यायचं, कुठल्या पाळीत किती ब्लोहोल निघाले ते मोजायचं आणि वाळूतल्या ओलाव्याशी त्याचा संबंध लावायचा. सहा महिन्यांच्या नोंदी काढल्या. तिसऱ्या पाळीत, म्हणजे रात्री, दोष बरेच कमी दिसले. मी खूश. रात्री तापमान कमी, आर्द्रता वेगळी, वगैरे छान स्पष्टीकरणही तयार केलं. आलेख घेऊन मी तिथल्या जुन्या फोरमनमामांकडे गेले. त्यांनी चहा सांगितला, कागद बघितला आणि म्हणाले, "मॅडम, रात्री माल चांगला निघतोय असं न्हाई. रात्री बघाय कोण असतंय? सापडत न्हाई म्हणून लिवलं जात न्हाई."

रात्रपाळीला तपासनीसच नव्हता. मी दोष मोजतच नव्हते, सापडलेले दोष मोजत होते. सहा महिने गेले ते गेलेच.

त्याच मामांनी नंतर एकदा चहाच्या गाड्यावर पेपर चाळता चाळता विचारलं, "त्या गावित बहिणींचं शेवटी काय झालं हो? आमची पोरं लहान होती तवा. बाजारात गेलं की पोराचा हात सोडत नव्हतो." मला तेव्हा नीट सांगता आलं नाही. म्हणून वाचायला घेतलं. वाचताना लक्षात आलं की माझ्या रजिस्टरात झालेली चूक या खटल्याकडे बघतानाही आपण सगळेच करतो.

प्रकरण काय होतं

अंजनाबाई गावित ही आई. रेणुका शिंदे आणि सीमा गावित या तिच्या दोन मुली. रेणुकाचा नवराही सोबत. हे कुटुंब पुण्यात राहायचं आणि चोऱ्यांवर जगायचं. गर्दीची ठिकाणं, जत्रा, देवळं, बसस्टँड इथे पाकीट मारायचं, दागिने ओढायचे. कडेवर लहान मूल असलेल्या बाईवर लोक चटकन संशय घेत नाहीत, पकडली तरी सोडून देतात, हे त्यांच्या लक्षात आलं. त्यासाठी त्यांनी दुसऱ्यांची मुलं पळवायला सुरुवात केली. मुलाचा उपयोग संपला किंवा ते डोईजड झालं की त्याला मारून टाकायचं. १९९० ते १९९६ अशी सहा वर्षं हे चाललं. पश्चिम महाराष्ट्रापासून नाशिकपर्यंत वेगवेगळ्या गावांतून मुलं गेली. त्यातला एक गुन्हा आपल्या कोल्हापुरातला होता आणि पुढे खटलाही इथल्याच सत्र न्यायालयात चालला.

पण हे सगळं उघडकीला आलं ते या मुलांमुळे नाही. ते उघडकीला आलं घरातल्या एका कटामुळे, आणि तोही फसलेल्या.

अंजनाबाईला सोडून सीमाच्या वडिलांनी दुसरं लग्न केलं होतं. त्या संसारात त्यांना मुली झाल्या. अंजनाबाईच्या मनात त्याचा राग होता. १९९५ मध्ये या मायलेकींनी त्यातल्या एका मुलीला पळवून मारलं. म्हणजे सीमाच्या सावत्र बहिणीला. त्या मुलीच्या आईला संशय कुणाचा, हे ठाऊक होतं. ती पोलिसांकडे गेली. पुढच्या वर्षी या मायलेकींनी तिच्या दुसऱ्या मुलीवर डोळा ठेवला, आणि हा बेत तडीस जायच्या आत १९९६ च्या अखेरीस त्या पकडल्या गेल्या. चौकशी एका मुलीची सुरू झाली आणि धागा ओढता ओढता सहा वर्षं मागे गेला.

ती दुसरी मुलगी वाचली. तिचं नाव मी लिहिणार नाही, तुम्हीही शोधू नका. पण ती लक्षात ठेवा, लेखाच्या शेवटी तिच्याकडे परत यायचं आहे.

सहा वर्षं कुणाला दिसलं कसं नाही?

संशोधक म्हणून आपला पहिला प्रश्न हा असायला हवा. "त्या बायका इतक्या क्रूर कशा?" हा प्रश्न माणूस म्हणून पडतोच, पण त्याचं उत्तर आपल्या हातातल्या कागदांत नाही. सहा वर्षं का दिसलं नाही, याचं उत्तर मात्र बरंचसं कागदांतच आहे.

पळवलेली मुलं वेगवेगळ्या शहरांतली होती. बरीच गरिबाघरची, काही तर रस्त्यावर भीक मागून जगणाऱ्या आयांची. एका गावात मूल हरवलं की त्या गावच्या ठाण्यात त्याची वेगळी नोंद. दुसऱ्या गावात दुसरी. या नोंदी शेजारी शेजारी ठेवून बघणारं कुणी नव्हतं. आणि हरवलेल्या मुलाच्या आईकडे सांगायला नाव नव्हतं. "कोणीतरी नेलं" एवढंच. मारेकऱ्यांचा त्या मुलांशी आधीचा काहीच संबंध नव्हता, त्यामुळे शोध सुरू करायला टोकच नव्हतं.

घरातल्या गुन्ह्यात ते टोक होतं. जुना संसार, दुसरं लग्न, राग, येणं-जाणं. मुलगी नाहीशी झाली तेव्हा तिच्या आईला "कोणीतरी" म्हणावं लागलं नाही. तिला नाव सांगता आलं. ज्या गुन्ह्याला नातं होतं तो दिसला, आणि त्याच्या उजेडात बाकीचे दिसले.

आता माझ्या रजिस्टराकडे बघा. तपासनीस ज्या पाळीत होता, त्या पाळीतले दोष दिसले. इथेही तसंच. जिथे सांगणारं माणूस आणि सांगण्याजोगं नाव होतं, तिथला गुन्हा नोंदीत आला. नोंदीतून आपल्याला घटना कळतेच, पण त्या घटनेकडे कोण बघत होतं हेही कळतं.

नंतर यात एक महत्त्वाची सुधारणा झाली, ती या खटल्यामुळे नाही, बचपन बचाओ आंदोलन या संस्थेच्या याचिकेमुळे. मे २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की मूल हरवल्याची तक्रार आली की गुन्हा नोंदवायचाच, आणि ते मूल पळवलं गेलंय असं धरूनच तपास सुरू करायचा. म्हणजे आधी "हरवलं असेल, येईल" हे गृहीत होतं, आता उलटं गृहीत धरायचं. तुम्ही हरवलेल्या मुलांच्या आकडेवारीवर काम करणार असाल तर २०१३ च्या आधीचे आणि नंतरचे आकडे सरळ एका आलेखावर ठेवू नका. मोजण्याची पद्धतच बदलली आहे. नंतर आकडा वाढलेला दिसला तर गुन्हे वाढले, असं लगेच म्हणता येणार नाही.

फसलेला कट कायद्याला कधी दिसतो?

मामांचा दुसरा प्रश्न होता, "जे झालंच न्हाई त्याची शिक्षा कशी करत्यात?" प्रश्न अगदी बरोबर आहे.

कायदा गुन्ह्याचे टप्पे पाडतो. मनात विचार येणं, तयारी करणं, प्रयत्न करणं आणि गुन्हा पूर्ण होणं. नुसत्या विचाराला शिक्षा नाही. तयारीलाही बहुतेक वेळा नाही. प्रयत्नाला आहे. मग तयारी कुठे संपते आणि प्रयत्न कुठे सुरू होतो?

भारतीय दंड संहितेच्या कलम ३०७ मध्ये, म्हणजे खुनाच्या प्रयत्नाच्या कलमात, यासाठी एक घरगुती उदाहरण दिलं आहे. माझ्या शब्दांत सांगते. एकाला दुसऱ्याला विष घालून मारायचं आहे. त्याने विष आणलं, जेवणात कालवलं, पण ते जेवण अजून त्याच्याच ताब्यात आहे. अजून हा गुन्हा झाला नाही. ते ताट त्याने समोरच्यासाठी मांडलं, किंवा मांडायला नोकराच्या हातात दिलं, की खुनाचा प्रयत्न झाला. समोरचा एक घासही न खाता उठला तरी. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली, तिच्यात हेच कलम १०९ या क्रमांकाने आहे.

आपल्याकडचाच एक जुना निकाल या रेषेवरचा आहे. २२ जुलै १९३१ रोजी पुण्यात फर्ग्युसन कॉलेजमध्ये वासुदेव बळवंत गोगटे या विद्यार्थ्याने हंगामी गव्हर्नर हॉटसन यांच्यावर जवळून गोळी झाडली. गोळी खिशातल्या पाकिटाच्या धातूच्या बटणामुळे अडली आणि हॉटसन वाचले. इजाच झाली नाही, मग खुनाचा प्रयत्न कसा, हा मुद्दा मुंबई उच्च न्यायालयापुढे आला. न्यायालयाने तो मानला नाही. माणसाने आपल्या बाजूने शेवटपर्यंतचं कृत्य केलं होतं, फळ मिळालं नाही ते त्याच्या हाताबाहेरच्या कारणाने. राजकीय बाजू तुम्हाला इतिहासात वाचायला मिळेल. आपल्यापुरतं एवढं घ्या की परिणाम शून्य आला म्हणून कृत्य शून्य होत नाही.

पण कट हा प्रकार याहून वेगळा आहे. दोन किंवा अधिक माणसांनी मिळून खून करायचं ठरवलं, की तो करार हाच गुन्हा. दंड संहितेत कलम १२०-अ आणि १२०-ब, नव्या संहितेत कलम ६१. विष आणलं नसलं, ताट मांडलं नसलं तरी चालतं. एकट्या माणसाने मनात शंभर बेत केले तर कायद्याला त्यात काही दिसत नाही. तोच बेत त्याने दुसऱ्याबरोबर पक्का केला की गुन्हा झाला.

गंमत अशी की ठरवणं हे कुणाला दिसत नाही. बंद घरात, चुलीपुढे बसून बोलणं झालं तर त्याचा पुरावा कुठून आणणार? ठरवणाऱ्यांपैकीच कुणी बोललं तरच. म्हणून कटाच्या खटल्यात बऱ्याचदा एक माणूस महत्त्वाचा ठरतो, माफीचा साक्षीदार.

आतला माणूस सांगतो ते किती खरं धरायचं?

गावित प्रकरणात रेणुकाचा नवरा माफीचा साक्षीदार झाला. तो स्वतः या टोळीचा भाग होता. सरकारी पक्षाचा खटला मोठ्या प्रमाणात त्याच्या साक्षीवर उभा राहिला.

आता तुम्ही संशोधक म्हणून विचार करा. तुमच्याकडे एकच माणूस आहे, ज्याने सगळं आतून पाहिलं. त्याच्याएवढी माहिती दुसऱ्या कुणाकडेच नाही. आणि त्याच माणसाला खोटं बोलण्याचं सगळ्यात मोठं कारणही आहे, कारण बोलल्याच्या बदल्यात त्याची शिक्षा टळणार आहे. दोष दुसऱ्यांवर ढकलणं त्याच्या सोयीचं आहे. अशा साक्षीचं काय करायचं? फेकून द्यायची, की मानायची?

कायद्याचं उत्तर मला आपल्या पद्धतीशास्त्राच्या पुस्तकांपेक्षा जास्त स्पष्ट वाटलं. जुन्या पुरावा कायद्यात दोन तरतुदी होत्या. कलम १३३ म्हणायचं की साथीदाराची साक्ष चालते, आणि केवळ तिला दुजोरा नाही म्हणून शिक्षा बेकायदा ठरत नाही. कलम ११४ मधलं एक उदाहरण म्हणायचं की महत्त्वाच्या मुद्द्यांवर दुजोरा नसेल तर साथीदार विश्वासाला पात्र नाही असं न्यायालय गृहीत धरू शकतं. दोन्ही एकत्र वाचून सर्वोच्च न्यायालयाने १९५७ च्या सरवनसिंग खटल्यात दुहेरी कसोटी सांगितली. पहिली, हा माणूस मुळात विश्वास ठेवण्याजोगा साक्षीदार वाटतो का? दुसरी, त्याच्या सांगण्याला स्वतंत्र पुराव्याचा पुरेसा आधार आहे का? त्याच्याही आधी, १९५२ च्या रामेश्वर खटल्यात न्यायालयाने हेही स्पष्ट केलं होतं की प्रत्येक बारीक गोष्टीला स्वतंत्र पुरावा लागत नाही, तसा असता तर साथीदाराची गरजच काय? पण गुन्हा घडला एवढ्याला दुजोरा पुरत नाही. या आरोपीचा त्या गुन्ह्याशी संबंध आहे, याला दुजोरा हवा.

हे शेवटचं वाक्य तुमच्या वहीत लिहून ठेवा. मुलाखती घेऊन संशोधन करणाऱ्यांनी तर नक्कीच. मुलाखत देणारा म्हणतो, "त्या वर्षी दुष्काळ होता आणि सावकाराने माझी जमीन घेतली." दुष्काळ होता याला तुम्ही सरकारी नोंद जोडता आणि दुजोरा मिळाला म्हणून समाधान मानता. पण ती नोंद सावकाराबद्दल काहीच सांगत नाही. सातबारा कुठे आहे?

घरातल्या गुन्ह्यात आणखी एक पेच येतो. साक्षीदार नवरा आणि आरोपी बायको असेल तर? लग्न असताना एकाने दुसऱ्याला जे बोलून सांगितलं ते न्यायालयात उघड करायला कायदा सहसा परवानगी देत नाही. मग नवरा किंवा बायको सांगणार काय? सर्वोच्च न्यायालयाने १९५४ च्या राम भरोसे खटल्यात रेषा आखली. बायकोने नवऱ्याला पहाटे छपरावरून उतरताना आणि आंघोळ करताना पाहिलं, हे तिला सांगता येईल. तो तिला काय म्हणाला, हे नाही. पाहिलेलं वेगळं आणि ऐकलेलं वेगळं. आपल्याकडे क्षेत्रटिपणं लिहितानाही हेच शिकवतात, पण आपण दोन्ही एकाच परिच्छेदात कालवतो.

आकडा का बदलत गेला?

आता आकड्यांकडे या, कारण तुमच्यातले बहुतेक जण तिथेच चुकणार आहात.

या प्रकरणाबद्दल तुम्ही दहा ठिकाणी वाचलंत तर खुनांचे वेगवेगळे आकडे सापडतील. वृत्तपत्रांत चाळीसहून जास्त मुलांचा संशय, असंही छापून आलं. न्यायालयापुढे आलं ते तेरा मुलांचं अपहरण आणि त्यातल्या काहींचे खून. आणि शेवटपर्यंत टिकलेला खुनांचा आकडा पाच.

यातला खरा कुठला? प्रत्येक आकडा वेगळ्या प्रश्नाचं उत्तर आहे. पहिला आकडा लोकांना आणि पोलिसांना काय वाटलं ते सांगतो. दुसरा, कशाबद्दल आरोप ठेवण्याइतका पुरावा जमला ते. तिसरा, कशाबद्दल शंकेला जागा उरली नाही ते. "सिद्ध झालेले पाच" याचा अर्थ "मेलेली पाच" असा होत नाही. उरलेल्या मुलांच्या आया अजूनही कुठेतरी असतील. त्यांच्यासाठी तो आकडा पाच नाही.

म्हणून प्रबंधात आकडा लिहिताना त्याच्या शेजारी तो कुठल्या टप्प्यावरचा आहे ते लिहा. संशयित, नोंदवलेले, सिद्ध झालेले. एवढं केलंत तरी तोंडी परीक्षेत निम्मे प्रश्न येणार नाहीत.

निकालानंतरची वर्षं

अंजनाबाई खटला उभा राहण्याआधीच तुरुंगात मरण पावली. तिच्याबद्दल कुठलाही निकाल नाही, हीसुद्धा एक रिकामी जागाच. दोघी बहिणींना कोल्हापूरच्या सत्र न्यायालयाने जून २००१ मध्ये फाशी सुनावली. मुंबई उच्च न्यायालयाने २००४ मध्ये आणि सर्वोच्च न्यायालयाने ३१ ऑगस्ट २००६ रोजी ती कायम केली. लोकांच्या मनात प्रकरण इथे संपलं.

पण कायद्यात संपलं नाही. दयेचे अर्ज झाले. ते राज्यपालांकडे, मग राष्ट्रपतींकडे गेले. राष्ट्रपतींनी जुलै २०१४ मध्ये अर्ज फेटाळला. त्याच वर्षी जानेवारीत सर्वोच्च न्यायालयाने शत्रुघ्न चौहान खटल्यात म्हटलं होतं की दयेच्या अर्जावर विनाकारण फार उशीर झाला तर फाशीची जन्मठेप करण्याला ते कारण होऊ शकतं. फाशीच्या छायेत वर्षानुवर्षं बसवून ठेवणं ही निकालात न लिहिलेली वेगळी शिक्षा ठरते, असा त्यामागचा विचार. दोघी बहिणी याच मुद्द्यावर उच्च न्यायालयात गेल्या.

१८ जानेवारी २०२२ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने त्यांची फाशी रद्द करून जन्मठेप दिली. उशीर मोजला ७ वर्षं, १० महिने, १५ दिवस. तोही मुख्यतः राज्य सरकारच्या पातळीवर फायली हलण्यात गेलेला. गुन्ह्याची भीषणता न्यायालयाने कमी लेखली नाही, आणि पंचवीस वर्षं तुरुंगात काढली म्हणून सोडून द्या ही मागणी मान्य केली नाही. पुढे एप्रिल २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने जन्मठेप कायम ठेवली, पण ती मरेपर्यंतची आणि शिक्षेत कुठलीही सूट न देता भोगायची, असा बदल केला. दयेच्या अर्जांवर लवकरात लवकर निर्णय घ्या, असंही सरकारांना सांगितलं.

मामांना मी हे सांगितलं तेव्हा ते थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "म्हंजे फाईल टेबलावर पडून ऱ्हायली म्हणून फाशी टळली." ऐकायला तसंच वाटतं आणि राग येणं साहजिक आहे. माझंही मत यावर पूर्ण पक्कं नाही. पण एवढं कळतं की तो उशीर कुठल्या एका दुष्ट माणसाने केला नव्हता. एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर जाताना रोज थोडा थोडा झाला, आणि तो होत असताना कुणी मोजत नव्हतं. मोजला गेला तो नंतर, जेव्हा न्यायालयाने तारखा एकाखाली एक लिहिल्या.

आता तुमच्या कामाचं

तुम्हाला एक गृहपाठ देते. सर्वोच्च न्यायालयाचे निकाल इंटरनेटवर फुकट वाचायला मिळतात. या खटल्याचा २००६ चा निकाल उघडा. कथा म्हणून वाचू नका. कागद घ्या आणि तीन रकाने आखा. पहिल्यात लिहा, माफीचा साक्षीदार काय सांगतो. दुसऱ्यात, त्याच मुद्द्यावर त्याच्याशी संबंध नसलेलं दुसरं कोण किंवा काय बोलतं. तिसऱ्यात, न्यायालयाने त्यावर काय ठरवलं. दुसरा रकाना जिथे रिकामा राहील तिथे थांबा आणि तिसऱ्यात काय आहे ते बघा.

मग तोच कागद तुमच्या स्वतःच्या विषयासाठी आखा. पहिल्या रकान्यात तुमचा मुख्य स्रोत, मग तो रजिस्टर असो, मुलाखत असो की यंत्राचा सेन्सर. दुसऱ्यात स्वतंत्र दुजोरा. तिसऱ्यात तुमचा निष्कर्ष. मी हे माझ्या फाउंड्रीच्या नोंदींसाठी केलं तेव्हा तिसऱ्या पाळीपुढचा दुसरा रकाना कोरा होता. नंतर मी ग्राहकांकडून परत आलेल्या मालाच्या नोंदी मागून घेतल्या. रात्रीचे दोष तिथे होते. ते फाउंड्रीच्या दारातून बाहेर जाऊन मग सापडले होते.

शेवटी ती मुलगी.

तेरा अपहरणांत ती नाही, कारण तिचं अपहरण झालंच नाही. पाच खुनांत तर नाहीच. कुठल्याही तक्त्यात तिच्यापुढे शून्य येतं. पण बाकीचे सगळे आकडे आपल्यापर्यंत पोचले ते तिच्या वेळचा बेत फसला म्हणून. आणि तो फसला, कारण एक मुलगी गमावलेल्या आईने पोलिसांना नाव सांगितलं आणि ते कुणीतरी ऐकून घेतलं. ती आई आणखी वर्षभर गप्प बसली असती, तर आज आपल्याकडे मोजायला काहीच नसतं. गुन्हे मात्र झालेलेच असते.

तुमच्या तक्त्यात जेव्हा शून्य दिसेल तेव्हा पुढच्या ओळीवर जाऊ नका. इथे खरंच काही घडलं नाही, की घडलं पण बघायला कोणी नव्हतं, की घडता घडता कुणीतरी थांबवलं? तिन्ही वेळा कागदावर आकडा एकच असतो.

गृहपाठ करून बघा. दुसऱ्या रकान्यात तुमच्या विषयासाठी काय सापडलं ते मला कळवा, पुढच्या लेखात त्यातली काही उदाहरणं घेऊ. आणि फिल्डवर जाणार असाल तर आधी तिथल्या जुन्या माणसासोबत एक चहा प्या. माझे सहा महिने वाचले असते.